विहिरीचा दोर

विहिरीचा दोर पुन्हा हातभर कमी पडला. बादली पाण्यापर्यंत पोचलीच नाही, मध्येच लोंबकळत कडेच्या दगडाला आपटली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आचारीणबाईंचा आवाज आला.

"मास्तर, कालच तर वाढवला होता ना?"

"कालच वाढवला होता. पाण्याला सांगा, ते ऐकत नाही."

मास्तरांनी काखेतली काथ्याची जुडी कठड्यावर ठेवली, दोर वर ओढून घेतला, टोकाचा पीळ उकलला आणि नवे पेड त्यात गुंफायला बसले. काथ्या इतका कोरडा की थुंकी लावल्याशिवाय पीळ धरत नव्हता, आणि तोंडाला थुंकी सुटत नव्हती, असे ते दिवस. उजव्या हाताची तर्जनी वेत सोलताना कधीकाळी पेरभर उडाली होती, त्यामुळे शेवटची गाठ ते दातांनी ओढत. गाठ बसली तशी त्यांनी बादली खाली सोडली. ती वर आली तेव्हा निम्मी गाळाने भरलेली होती.

"हे प्यायचं की याने भिंती लिंपायच्या?" आचारीणबाई बादलीत डोकावून म्हणाल्या.

"गाळून घ्या."

"गाळून घ्या. तुम्हाला काय जातंय सांगायला." आचारीणबाई बादली उचलून आत गेल्या. जाताना फडकंही मागून गेल्या.

मिशनची ही शाळा डोंगराच्या उतारावर, गावापासून लांब. अर्धी मुलं बहिरी, अर्धी आंधळी. बहिरी मुलं आंधळ्यांना हाताला धरून न्यायची, आणि घंटा झाली की आंधळी मुलं बहिऱ्यांना कोपर मारायची, असा एकमेकांच्या आधाराने कारभार चालायचा. आंधळ्यांना एकटंही फिरता यावं म्हणून कमरेइतक्या उंचीवर खांबाखांबाला दोर बांधलेला होता. एक गाठ लागली की स्वयंपाकघर, दोन गाठी लागल्या की वर्ग, तीन गाठी म्हणजे मास्तरांची वेतशाळा, जिथे मुलं वेताच्या खुर्च्या विणायला शिकायची. हे दोर मास्तरांनीच वळलेले. गाठींची कल्पना मात्र त्यांच्या बायकोची.

बायको म्हणजे बाई. सगळी शाळा त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. समुद्रापलीकडून मिशनने खरं म्हणजे बाईंना पाठवलं होतं. मास्तर बरोबर आले ते सामानासारखे, आणि हे ते स्वतःच सांगायचे. बाई प्रार्थना करायच्या, शिकवायच्या, भांडायच्या, हसायच्या, दोघांच्या वाटचं बोलायच्या. मास्तर "हूं" म्हणायचे. पोटी मूलबाळ नव्हतं. इथली भाषा मास्तरांना यायची, पण बाजारापुरती. वांगी स्वस्त का महाग एवढी. रात्री दिवा मालवल्यावर बाई आपल्या भाषेत दिवसभराचं पुराण लावायच्या आणि ते ऐकता ऐकता मास्तर झोपायचे.

थंडी सरता सरता बाईंना ताप आला आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. चर्चच्या मागच्या उतारावर त्यांना पुरलं. तेव्हापासून इथे मास्तरांना त्यांच्या भाषेत कुणी हाक मारली नव्हती. आपल्या भाषेत शिंकलो तरी दाद द्यायला माणूस नाही, हे त्यांना एकदा खरोखरच शिंकताना कळलं, आणि ते वेताच्या भाऱ्यावर तसेच बसून राहिले.

पण मास्तरांचं दुःख निदान मास्तरांना ठाऊक तरी होतं. मनीला तेही ठाऊक नव्हतं.

मनी दोन्हीकडून बंद होती. दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. मामाच्या घरून आली तेव्हा तिच्या कमरेला दोराचा घट्टा पडलेला होता. विहिरीत पडू नये म्हणून तिला गोठ्याच्या खांबाला बांधत. मामा वाईट नव्हता. घरात शेताला जाणारे हात तेवढे होते, हिच्यामागे फिरणारा एकही नव्हता. बाईंनी तिला मांडीशी घेतलं आणि तिच्या तळहातावर बोलायला सुरुवात केली. दोन टिचक्या म्हणजे जेवण, मधोमध रेघ म्हणजे चल, गोल म्हणजे थांब. सुरुवातीला मनी चावायची. पुढे पुढे ती दिवसभर आपला तळहात बाईंच्या पुढे धरून हिंडू लागली, आणि बाई म्हणायच्या, एवढी बडबडी कार्टी उभ्या शाळेत नाही. माणसं ती वासावरून ओळखायची आणि पाय न वाजवता मागे येऊन उभी राहायची, म्हणून मनी. बाईंचं नावही तिनेच ठेवलं होतं. त्यांच्या चष्म्यावरून बोट फिरवून तिने आपल्या डोळ्यांपुढे बोटांची दोन कडी धरली, ते बाईंचं नाव.

बाईंना पुरलं त्या दिवशी मनीला नेलं नाही. "घाबरेल ती," पाळक म्हणाले होते. शाळेचा कारभार पाळकच पाहायचे. माणूस मऊ, कुणाला दुखवायला घाबरणारा. मास्तरांनी मान हलवली. त्या दिवशी कुणी काहीही विचारलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

मग मनी वाट पाहू लागली. सकाळी दोराला धरून ती वर्गाच्या पायरीशी यायची, बसायची, हवेत नाक वर करून वास घ्यायची, संध्याकाळी परत जायची. जेवण टाळू लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून एक शहाणपणा केला. बाईंचा स्वेटर धाकट्या बाईंना घालायला दिला. धाकट्या बाई म्हणजे नवीन आलेल्या शिक्षिका, हौशी आणि मायाळू. वासाने पोर शांत होईल, दोन घास खाईल, एवढाच हेतू. स्वेटर कपाटातून मास्तरांनीच काढून दिला.

मनी वासावर धावत आली. तिने स्वेटरला मिठी मारली, तोंड खुपसलं, आणि मग हात वर नेला. चष्मा नव्हता. नाक वेगळं, गाल वेगळे, केस वेगळे. तिने ते सगळं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग तिने दोन्ही मुठी मिटल्या.

त्या तिने पुन्हा कुणापुढे उघडल्या नाहीत. आपण डोळे मिटतो, कानात बोटं घालतो, तशा तिने मुठी मिटल्या. आता दोरावरूनही ती मनगट टेकवून चालायची. आचारीणबाई ताट ठेवून लांब गेल्या तरच खायची. धाकट्या बाई कोपऱ्यात बसून रडल्या आणि स्वेटर धुऊन परत देऊन गेल्या. धुतला नसता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला.

उन्हाळा चढला. मास्तर रोज दोर वाढवायचे आणि पाणी रोज खाली जायचं. वेत भिजवायला पाणी मिळेना म्हणून वेतशाळा बंद ठेवली. कोरडा वेत वाकवला की काडकन मोडतो. अर्धवट विणलेल्या खुर्च्या भिंतीशी तशाच राहिल्या. आणि एक दिवस बादली खाली आपटली ती दगडावर. मास्तरांनी दोर हलवला, बादली इकडेतिकडे फिरवली. वर आली तेव्हा तिच्या बुडाला नुसती ओली वाळू चिकटली होती.

पाळकांनी मोठ्यांना जेवणघरात बोलावलं.

"टँकरवाला चढ चढायला तयार नाही," ते म्हणाले. "आपण पाऊस पडेपर्यंत शाळा बंद करू. घरोघर निरोप धाडलेत. ज्याचे त्याचे लोक येऊन मुलांना नेतील. तोवर खालून घागरींनी पाणी आणू."

"मनीला?" आचारीणबाईंनी विचारलं.

"तिचा मामा येईल."

"आणि पाऊस पडल्यावर आणून सोडील?"

पाळकांनी पाण्याचा रिकामा पेला उपडा ठेवला. मूठ मिटलेली पोर घरी गेली तर घरच्यांना एवढंच दिसणार होतं, की गेली तशी परत आली. मग कशाला कोण डोंगर चढून आणतंय? पुन्हा गोठा, पुन्हा खांब. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

"देवाघरी गेल्या बाई," आचारीणबाई उठता उठता म्हणाल्या, "आणि एवढी देवाची माणसं असून त्या पोरीला तेवढं सांगता येईना."

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ. आपल्या भाषेत बोलणारा आता हा एवढाच उरला होता, आणि तोही असा ओरडून बोलायचा की समुद्र जणू आवाजानेच ओलांडायचा होता.

"शाळा बंद होतेय ना? मग निघून ये. तिकीट काढतोय मी."

"बघतो."

"बघतो काय? तिथे आता कोण आहे तुझं? इथे तुझी खोली झाडून ठेवलीय वहिनीने."

मास्तरांना जावंसं वाटत होतं. खरं सांगायचं तर फार वाटत होतं. ओट्यावर बसून कुणीतरी आपल्या भाषेत भाजी निवडत बोलत असावं आणि आपण नुसतं हूं म्हणावं, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांचा जीव तुटत होता. "काढ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते विहिरीवरचा दोर उतरवायला गेले. कोरड्या विहिरीवर दोर कशाला, वाळवी लागेल. आचारीणबाई भांडी राखेने घासत जवळच बसल्या होत्या. पायरीशी मनी बसली होती, नाक वर करून.

"माझं करडू मेलं होतं, आठवतं?" आचारीणबाई एकदम म्हणाल्या. "मनीचं लाडकं. मी म्हटलं, गुपचूप टाकून येते. तर बाईंनी मला अशी झापली. मनीला घेऊन आल्या, तिचे हात त्या गार करडावर ठेवले. त्याचा पाय हलवून पाहायला लावला. तिच्याच हातांनी खड्ड्यात ठेवलं, तिच्याच हातांनी माती लोटली. आणि शेवटी तिच्या तळहातावर मूठभर माती ठेवून बोटं मिटवली. म्हणजे मेलं."

मास्तरांचे हात थांबले.

"पुढे तर तिला तो नादच लागला. कोंबडी दिसली नाही की आमच्या हातावर माती ठेवून विचारायची. मेली असली तर आपण तिच्या हातात माती द्यायची. मेली नसली तर तिच्या बोटांखाली आपला तळहात पुसायचा. मी तर दिवसातून दहादा हात पुसायची."

"मला हे कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आणि तुमचा वेत."

मास्तर विहिरीचा वास मुरलेला तो दोर मांडीवर घेऊन बसले. मग उठले आणि कोठीतून पहार घेऊन आले.

वर्गाच्या पायरीपासून चर्चच्या मागच्या उतारापर्यंत खांब रोवायचे होते. जमीन भाजलेल्या विटेगत झाली होती. पहार मारली की ठिणगी उडायची आणि खड्डा चार बोटंही खोल जायचा नाही. तळहाताला फोड आले, फुटले, पहारीच्या दांड्याला चिकटले. दुपारी पाळक येऊन उभे राहिले.

"मास्तर, हे काय चाललंय?"

"दोर लावतोय."

"मुलीला कबरीवर नेणं बरं नव्हे. कोवळा जीव आहे. आपण तिच्यासाठी रोज प्रार्थना करतोच आहोत."

"प्रार्थना देवाला ऐकू येते," मास्तर म्हणाले. "तिला येत नाही."

इतकं लांब वाक्य मास्तर पाळकांशी कधी बोलले नव्हते. पाळक थोडा वेळ टोपी हातात घेऊन घुटमळले. मग त्यांनी अंगातला कोट काढून कुंपणावर टाकला आणि पहारीला हात घातला. कामाची सवय नव्हती. एक घाव खड्ड्यात पडायचा, एक बुटाजवळ. पण संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत.

खांब उभे राहिल्यावर मास्तरांनी विहिरीचा दोर त्यावरून ओढला. पुरून उरला, एवढा उन्हाळाभर वाढवलेला दोर, न पुरायला काय झालं? जिथे नवा दोर सुरू होत होता तिथे गाठ कुठली मारायची, यावर ते अडले. शेवटी त्यांनी आपल्या वाटणीच्या प्यायच्या पाण्यात वेत भिजवून त्याच्या दोन कड्या वळल्या, शेजारी शेजारी, चष्म्यासारख्या, आणि त्या दोरात बांधल्या. बांधताना त्यांना स्वेटर आठवला. पण स्वेटर खोटं बोलला होता. कड्या जिथे नेणार होत्या तिथे बाई खरंच होत्या. शेवटी त्यांनी टेबलाच्या खणातला बाईंचा चष्मा काढला, आपल्या सदऱ्याने पुसला आणि कबरीच्या लाकडी क्रुसाला सुतळीने बांधला.

सकाळी मनी आली. मनगट दोरावर टेकवत, मुठी मिटून. दोन गाठी लागल्या तशी रोजच्या पायरीवर बसली. शेजारच्याच खांबाला नवा दोर बांधलेला होता, पण तिला तो कळायचं कारण नव्हतं. मास्तर समोर उभे राहून पाहत होते. हाक मारून उपयोग नाही, हाताला धरायची सोय नाही. ती संध्याकाळपर्यंत बसली आणि परत गेली. मास्तरांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. मनी बसली आणि लगेच तिचं नाक फिरलं. पाण्याचा वास. शेवाळाचा, ओल्या दगडाचा, विहिरीचा वास तिला अंगणात भलत्याच ठिकाणी आला. ती उठली, चाचपडत खांबाशी गेली. मनगट दोरावर ठेवलं, पुढे सरकवलं, आणि ते वेताच्या कड्यांना लागलं.

ती थांबली. मनगटाने पुन्हा पाहिलं. मग तिची उजवी मूठ उघडली. बोटं दोन्ही कड्यांवरून फिरली, एकदा, दोनदा. तिने तीच बोटं आपल्या डोळ्यांपुढे नेऊन कडी केली, आणि दुसऱ्याच क्षणी दोर धरून ती चालू लागली. चालू कसली, पळूच लागली.

ती बाईंना भेटायला निघाली होती. तिच्या तोंडावर हसू होतं. आपण केलं काय हे, असं म्हणत ते मागे धावले. तिला थांबवावं तर कसं, आणि थांबवून सांगावं तर काय? दोर तिच्या हातातून सरसर सरकत होता. खांब, पुढचा खांब, चर्चची भिंत, उतार. ती धापा टाकत क्रुसाशी पोचली आणि तिचा हात चष्म्याला लागला.

तिने तोंडाने आवाज काढला, आनंदाचा. काचा चाचपल्या, काड्या चाचपल्या. मग चष्म्यामागे गाल शोधले. लाकूड लागलं. तिने लाकडाच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवला, वर नेला, खाली आणला. लाकूड खाली जमिनीत गेलं होतं. ती गुडघ्यांवर बसली. पुढे माती उंच होती. ती गुडघ्यांवरच त्या उंचवट्याच्या कडेने सरकत पार दुसऱ्या टोकाला गेली, परत आली, मध्ये आडवी होऊन तिने हात पसरून त्याची लांबी पाहिली. तोंडावरचं हसू कधी गेलं ते मास्तरांना कळलं नाही.

बराच वेळ ती तशीच पडून होती. मग उठून बसली आणि नाक मास्तरांच्या दिशेला वळवलं. त्यांच्या अंगाला वेताचा वास कायमचा मुरलेला होता. तिने मूठभर माती उचलली आणि रिकामा हात पुढे करून हवेत शोधू लागली. मास्तरांनी आपला तळहात पुढे केला. फोड फुटलेल्या त्या तळहातावर तिने माती ठेवली, त्यांची बोटं एकेक करून मिटवली, आणि त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवून थांबली.

उत्तर द्यायचं होतं. इतके महिने हे उत्तर मास्तरांनी स्वतःलाही धड दिलं नव्हतं. बाईंची चप्पल अजून दाराशी होती. त्यांनी मनीचा हात उलटा केला, तळहातावर माती ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

मनीच्या तोंडून जो आवाज निघाला तो वर शाळेपर्यंत गेला. आचारीणबाई पदराने हात पुसत धावत आल्या आणि चर्चच्या कोपऱ्याशीच थांबल्या. मनी कबरीवर पालथी पडून रडत होती आणि तिच्या शेजारी मास्तर बसून रडत होते. बाई गेल्यापासून ते रडले नव्हते. एकट्याने रडायला त्यांना लाज वाटत होती. आज सोबत होती.

त्यानंतर मनी रोज दोर धरून कबरीवर यायची, चष्म्याला हात लावायची आणि परत जायची. परत जायची ती तीन गाठींपर्यंत, वेतशाळेत. मास्तरांच्या शेजारी बसून तळहात पुढे करायची. मास्तरांना चारच खुणा येत होत्या. आचारीणबाईंनी आणखी शिकवल्या, धाकट्या बाईंनी शिकवल्या, आणि चुकल्या की मनी स्वतः त्यांची बोटं धरून दुरुस्त करायची. मास्तरांना तिने नावही ठेवलं. त्यांची तुटकी तर्जनी मुठीत धरून एकदा दाबायची, ते त्यांचं नाव. एवढी वर्षं एका शाळेत काढून त्यांना तिच्याकडे नाव नव्हतं, हे त्यांना आता कळलं.

एकेक करून मुलं गेली. अंगणात कोपर मारणारं कुणी उरलं नाही. मग मनीचा मामा आला. खाली बसमधून उतरून उन्हातून चढून आला होता, खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

"हा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

मामाने नजर चुकवली. "विहीर आहे घराजवळ. मला काय हौस आहे का तिला बांधायची?"

मास्तरांनी दोर मागून घेतला. ओट्यावर पसरला, कुठल्या दारापासून गोठा किती, मोरी किती, असं मामाला विचारत विचारत त्यात गाठी मारल्या. "हा कमरेला नाही बांधायचा. घराला बांधायचा. दारापासून सुरू करा. एक गाठ मोरी, दोन गाठी गोठा. विहिरीकडे न्यायचाच नाही. ती दोर सोडून जात नाही."

"एवढं कळतं हिला?"

"हात द्या."

मनीने मामाच्या हाताचा वास घेतला, ओळखलं, आणि तळहातावर दोन टिचक्या मारल्या. मामाने हात झटकन मागे घेतला. "गुदगुल्या होतात," तो म्हणाला आणि ओशाळून हसला.

"भूक लागलीय तिला. सवय होईल."

मामाने थोड्या वेळाने आपणहून हात पुढे केला. जेवण, चल, थांब, एवढ्या खुणा तो शिकला. "पाऊस झाला की आणतो," तो म्हणाला. बोलताना तो मनीकडे पाहत होता, त्यामुळे खरं की तोंडदेखलं, ते कळलं नाही.

फाटकाशी मनी थांबली. मामाने रेघ ओढून 'चल' म्हटलं तरी हलेना. तिने खाली वाकून माती उचलली, मास्तरांचा हात शोधला, तळहातावर माती ठेवून बोटं मिटवली. मग त्यांची तुटकी तर्जनी धरून दाबली आणि थांबली.

ती मास्तरांबद्दल विचारत होती. परत आल्यावर हा माणूस असेल, का हाही मातीत गेलेला असेल?

खिशात दादाचा निरोप होता. तिकीट निघालं होतं, पुढच्या रविवारचं. तळहात पुसावा, तर ती परतेल तेव्हा इथे असायला हवं. न पुसावा, तर तीन गाठींशी कुणी सापडलं नाही की ही पोर दुसरी कबर शोधत उतारावर जाईल, आणि कबर सापडली नाही की पुन्हा मुठी मिटेल. बाई असत्या तर एव्हाना काहीतरी बोलल्या असत्या. त्यांनी मनीची बोटं आपल्या तळहातावर ठेवली आणि त्या बोटांखाली हात स्वच्छ पुसला.

मनीने पुन्हा माती ठेवली. मास्तरांनी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा तिने ठेवली नाही. मामाचा हात धरून ती उतार उतरू लागली आणि वळणाआड गेली.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"सामान बांधलंस का?"

"दादा, मी येत नाहीये. एका मुलीला सांगून बसलोय."

"काय सांगितलंस?"

"की मी इथे आहे."

"ती तुझी आंधळी बहिरी? तिला काय कळतंय, तू आहेस का नाहीस?"

"तिलाच कळतं, दादा."

दादा हळू आवाजात म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा." दादा ओरडला नाही असं पहिल्यांदाच झालं. मास्तर "हूं" म्हणाले. फोन ठेवावासा वाटत नव्हता, आणि पलीकडे दादालाही वाटत नसावं. शेवटी वहिनीने जेवायला हाक मारल्याचं मास्तरांना ऐकू आलं, आपल्या भाषेत, आणि मग फोन बंद झाला.

उजेड होता तोवर मास्तरांनी सगळे खांब हलवून पाहिले, एक सैल झाला होता त्याच्या बुडाशी दगड ठोकला. कबरीवर जाऊन चष्म्याच्या काचांवरची धूळ पुसली. आभाळात ढगाचा तुकडासुद्धा नव्हता. परत येताना ते वर्गापाशी थांबले, आणि मनी बसायची त्या पायरीवर खाली उताराकडे तोंड करून बसले.